कोमानच्या तळ्यातली बस

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. चाकं म्हणाल, तर ती केव्हाच गेली. माझ्याखाली आता पाणी आहे आणि डोक्यावर अल्बानियाचे डोंगर. तरी मी बसच. माझ्या दाराशी अजून ‘पुढे सरका’ अशी पाटी आहे.

माझी उमेदीची वर्षं श्कोदर शहरात गेली. उन्हाळ्यातल्या रविवारी गिरणीतल्या बाया, त्यांची पोरं आणि कलिंगडं अशी ठासून भरून मी वेलिपोयाच्या किनाऱ्यावर जात असे. पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा आतली सगळी एका बाजूच्या खिडक्यांना चिकटली. मीही तिकडेच कलले. एवढं मोठं काही असतं आणि ते सगळ्यांनाच बघायला मिळतं, याचंच मला नवल वाटत राहिलं.

मग इंजिन खोकू लागलं. मला एका परसात ढकललं आणि माझ्या सीटांवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. तिथून मला मराशने उचललं. कोमानच्या तळ्याकाठचा हा वेल्डिंगवाला. त्याने चाकं उतरवली, खाली लोखंडी तळ जोडला, मागे मोटर बसवली.

“बुडबुडे मोजायला थांबू का रे?” काठावरचे लोक ओरडले.

“थांबा की! तिकीट नको असेल तर काठावरच बसा,” मराश म्हणाला.

मी तरंगले! आणि समोर पाहिलं तर पाण्यातून सरळ आभाळात गेलेले कडे. मान असती तर मी ती वर केली असती. त्या दिवसापासून मी रोज त्या कड्यांमधून गेले, पण सवय काही झाली नाही.

पीठ, शेळ्या, नवऱ्या मुली, सगळ्यांना मी नेलं. पुढे पाठीवर मोठाल्या पिशव्या घेतलेले परदेशी पाहुणेही येऊ लागले. मग त्यांच्यासाठी वेगवान पांढऱ्या होड्या आल्या. या होड्या धक्का नसलेल्या उघड्या खडकांवर थांबत नसत. द्रानेच्या खडकावर तर मुळीच नाही.

द्राने ही कड्यावर एकटी राहणारी म्हातारी. तिच्याकडे शेळ्या होत्या आणि पाहुण्यांसाठी एक खोली. खडकापाशी थांबणारी एकटी मीच. ती मराशला म्हणायची, “तुझा हा डबा बुडाला की माझ्या दारात कोण येणार रे? कॉफी काय शेळ्यांना पाजू?”

गेल्या शरदात राडका नावाची चेक मुलगी डोंगर चढायला आली. तिला खडकावर उतरवताना मराशने छातीवर हात ठेवला. “उद्या दुपारी इथेच येतो. शब्द.”

दुसऱ्या दिवशी असा पाऊस-वारा सुटला की पांढऱ्या होड्या दोर आवळून बसल्या.

“ती द्रानेकडे चीज खात बसली असेल. उद्या जा,” लोक म्हणाले.

“खात असेल तर बरंच आहे. पण मी उद्या म्हणालो नव्हतो.”

आम्ही निघालो. लाटा खिडकीवर आपटत होत्या, मोटरला जळका वास येत होता. मला फार भीती वाटली. खडक आला तेव्हा तिथे राडका उभी होती आणि तिच्यापुढे काठी आडवी धरून द्राने.

“मागे फिर! अशा वाऱ्यात माझ्या घरातून पाहुणा गेला, तर डोंगर माझ्या तोंडावर थुंकेल.”

“आणि शब्द देऊन मी रिकामा परतलो, तर तळं माझ्या तोंडावर थुंकेल, आई!”

“थुंकू दे. तेवढंच धुतलं जाईल!”

राडका बिचारी दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. मग द्राने काहीतरी पुटपुटत वर गेली. परतली ती कॉफी, मक्याची भाकरी आणि घोंगडी घेऊन.

“दोर बांध,” ती म्हणाली. “पोरगी तुझ्या डब्यात बसेल, म्हणजे तू न्यायला आलास. मी तिच्या शेजारी बसेन, म्हणजे ती माझ्याकडून गेली नाही.”

तिघं माझ्या सीटांवर बसून भाकरी खात राहिली. दुपार कलताना वारा पडला, ढग फाटले आणि कड्याकड्यावरून पांढरं पाणी कोसळताना दिसलं. राडकाने तोंडावर हात ठेवला. द्रानेचीही भाकरी हातातच राहिली.

“सत्तर वर्षं बघतेय,” ती हळूच म्हणाली. “तरी प्रत्येक वेळी असंच होतं बाई.”

मोटर मात्र पुन्हा सुरू झाली नाही. राडकाला एका कोळ्याने आपल्या होडीतून नेलं. मराश माझ्या पायरीवर बसून रडला. मलाही वाटलं, आता द्रानेच्या दारात कुणी येणार नाही.

“रडतोस काय? हिला इथेच साखळीने बांध,” द्राने म्हणाली. “कड्याखाली बस उभी दिसली तर कोण थांबणार नाही?”

तसंच झालं. पांढऱ्या होड्यांतले पाहुणे मला पाहून ओरडतात, होडी थांबवायला लावतात. तेवढ्यात वरून हाक येते, “कॉफी ठेवलीय!”

मित्रांनो, मी आता कुठेच जात नाही. तळाला गंज चढतोय. मराश येऊन खरवडतो, पण त्याचेही हात थकलेत. तुम्ही आलात तर माझ्या सीटांवर नावं कोरू नका, दोन हात खरवडायला लावा. आणि पुढे एखाद्या उघड्या खडकावर कुणी हात वर करून उभं दिसलं, तर होडीवाल्याला थांबायला सांगा. तिथे थांबायला आता बस नसेल.