आखडलेली चावी

आमच्या म्हाताऱ्याच्या बोटांबद्दल मी जन्मभर थापा मारत आले. मुंगी लंगडत आली तर हा तिच्या पायात आटे पाडून नवा स्क्रू बसवील, असं मी गिऱ्हाइकांना सांगायची. एकदा तर म्हटलं, याने डासाचा कर्कश आवाज ऐकून त्याचे पंख पाव फेरा आवळून दिले. लोक हसायचे, पण ड्रम ठेवून जायचे.

ड्रम, त्यांचे स्टँड, पायाने वाजवायची पेडलं, असलं सगळं आमच्याकडे दुरुस्तीला येतं. बोल्ट नुसता फिरतो आणि धरत नाही, तिथे आमचं पोट. झिजलेलं भोक मोठं करायचं, त्यात पितळेचं बुश, म्हणजे आखूडशी नळी, बसवायचं, बुशाला आतून नवे आटे पाडायचे. मग ड्रमवर कातडं चढवायचं. असतं ते प्लास्टिकचं, पण आम्ही कातडंच म्हणतो. आणि मग कडेचे बोल्ट समोरासमोर घेत आवळत जायचं. कुठे थांबायचं ते बोटांनी ठरवायचं.

आवळायची चावी याने स्वतः घडवलेली. बाजारात मिळते ती बोटभर, याची चांगली वीतभर आडव्या दांड्याची. "लांब दांड्याने नीट कळतं," म्हणायचा. कळायचंही.

त्या दिवशी आमचं जुनं गिऱ्हाईक, ज्याला आम्ही ढमढम म्हणतो, दुकानात शिरला. मोठा ड्रमर, पण खांदे असे पडलेले, जणू ड्रमच त्याला वाजवून आले होते. त्याने ड्रम काउंटरवर ठेवला.

"आजी, तोच बोल्ट. पुन्हा गेला."

मी म्हटलं, "अरे, शेजारच्या ड्रमची दृष्ट लागली असेल. तुझ्या घरी दोन ड्रम एका खोलीत झोपतात ना?"

तो हसला नाही. "परवा कार्यक्रम आहे, आजी. मला आता हसायचंही त्राण नाही."

काउंटरवर सून होती. मुलगा परगावी नोकरीला, त्यामुळे दुकान तिच्याच डोक्यावर. ढमढम गेला तशी ती स्टुलावर बसली आणि चपला काढून पाय चोळू लागली.

"आई, काल तो स्टँडवाला, आज हा. हा ड्रम पुन्हा परत आला तर बाबांनी घरी बसायचं. मी भांडत नाहीये. दमलेय मी."

भांडली असती तर मी दोन हात केले असते. दमलेल्या माणसाशी कोण भांडणार?

आत म्हाताऱ्याने सगळं ऐकलं होतं. "हल्ली पितळ मऊ येतं," एवढंच म्हणाला आणि जुनं बुश काढायला लागला. मी शेजारी जाऊन बसले. बुश बसवलं सुबक, आटे पाडले सुबक, मधे मधे तेल, मधे मधे आटे पाडायचा टॅप मागे फिरवून कीस मोकळा करणं, सगळं जागच्या जागी. पण पितळेच्या किसाची एक कपची त्याच्या अंगठ्यात घुसली होती. रक्त थेट मनगटापर्यंत आलेलं, आणि याला पत्ताच नाही.

"अहो, अंगठा."

त्याने बघितलं. कपची काढली, चिंधीने पुसलं. "लागलंच नाही," म्हणाला. मग आवाज खाली आणून, "सुनेला बोलू नकोस."

तेव्हा मला उमगलं. पितळ होतं तसंच होतं. हा थांबायची जागा शोधत आवळत राहायचा, बोटं काही सांगायची नाहीत, आणि वीतभर दांडा बिचारा सांगेल तेवढा जोर लावायचा. नवेकोरे आटे हाच खात होता.

घरी बसवलं असतं तर हा माणूस दाराच्या बिजागऱ्या मोजत संपला असता. मला ठाऊक आहे ना, मी त्याला सुट्टीच्या दिवशी सांभाळते.

दुपारी जेवून तो पोत्यावर आडवा झाला. सून काउंटरवर डोकं टेकून पेंगत होती. मी चावी शिकंज्यात धरली आणि लोखंड कापायची करवत घेतली. बाई गं! खांदा असा कुरकुरला की वाटलं, दोघंही जागे होतात. दांडा दोन्हीकडून कापला, बोटभर ठेवला, कानस मारली. एवढ्याशा दांड्यावर सांडही आटे मोडू शकत नाही.

म्हातारा उठला, चावी हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिला.

"ही..."

"आखडली," मी म्हटलं. "वय झालं की आखडतात चाव्या. माझी आई उंच होती, शेवटी दरवाजाच्या कडीला हात पुरेना. तसंच."

त्याने माझ्या मांडीवरचा लोखंडाचा भुसा बघितला. नंतर शिकंजा बघितला. मला वाटलं, आता चावी फेकतोय. पण तो वळला आणि बोल्ट आवळायला लागला. समोरचा, मग त्याच्या समोरचा. शेवटी चावी जागेवर अडली. त्याने आणखी रेटलं, तळवा घसरला. बोटांनी कातड्यावर कडेकडेने टकटक केली, कान लावला.

"बरा आहे," म्हणाला आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

ढमढम ड्रम घेऊन गेला. परवाचा दिवस गेला. त्यानंतर दाराशी कुणी आलं की सून आधी माझ्याकडे बघायची आणि मी दाराकडे. मग एका सकाळी ढमढम दिसला, हातात पिशवी.

"ड्रम?" सुनेने विचारलं.

"ड्रम मस्त. हे मित्राचं पेडल आहे, याचा बोल्ट धरत नाही."

सून पेडल घेऊन आत आली. म्हाताऱ्यापुढे ठेवताना तिची नजर चावीवर पडली. "बाबा, तुमची मोठी चावी कुठे गेली? ही एवढीशी काय?"

आयुष्यात या माणसाने पावसाला ऊन म्हटलं नव्हतं. मान वर न करता म्हणाला, "तीच आहे. आखडली. वय झालं तिचं."

सुनेने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या खांद्यावरच्या दुखण्याच्या पट्टीकडे बघितलं. "बरं," म्हणाली आणि चपला पायात सरकवून काउंटरवर गेली.

म्हाताऱ्याने पायानेच स्टूल माझ्याकडे ढकललं.

"बस. उभी राहून राहून तूही आखडशील."