बाबांच्या खुर्चीतला माइक

माइक बाबांच्या खुर्चीत होता. स्टँडला अडकवून, बरोबर त्यांचे कान येतात तेवढ्या उंचीवर. आई दारात उभी राहून म्हणाली, "तुमच्या मापापायी पंखा बंद, फ्रिज बंद. आता माझं तोंडही बंद करायचं का?"

"दोन मिनिटं," मी म्हटलं.

"तिला फार होतात," बाबा म्हणाले.

बाबांनी उभी हयात रेकॉर्डिंग स्टुडिओत काढली. गायकाचा आवाज किती पुढे, वाद्यं किती मागे, कुठे काय बोचतंय, हे ठरवणारा माणूस. निवृत्तीनंतर बैठकीच्या खोलीतले दोन मोठे स्पीकर आणि ती खुर्ची एवढाच यांचा संसार, असं आई म्हणते. मी सभागृहांमध्ये स्पीकर बसवते, त्यामुळे घरची तक्रारही माझ्याकडेच. आणि तक्रार काही महिने एकच होती, गाणं पांघरुणाखालून आल्यासारखं वाटतं. बारक्याने देऊ केलेलं कामही त्यांनी यामुळेच टाळलं होतं. बारक्या त्यांचा एके काळचा मदतनीस. आता स्वतःच्या स्टुडिओचा मालक आहे आणि दारातून आडवा शिरतो, पण बाबांना तो अजून बारक्याच.

"आधी स्पीकर बघ," बाबा मला म्हणाले होते, "नाहीतर मग कान बघायला लागतील." हसत म्हणाले, पण हात कानाच्या पाळीवर होता.

माप घेणं तसं सोपं असतं. लॅपटॉपवरून स्पीकरमध्ये एक सूर सोडायचा. तो खोल गुरगुरण्यापासून निघतो आणि चढत चढत बारीक शिट्टीपर्यंत जातो. माइकला जे ऐकू येतं त्याची रेघ पडद्यावर उमटते. सगळं ठीक असेल तर रेघ साधारण सपाट येते. आमच्या रेघेला डावीकडे, खर्जाच्या बाजूला, भलंमोठं टेंगूळ होतं. कारण उघड होतं. झाडायला सोयीचं म्हणून आईने स्पीकर कोपऱ्यात सारले होते, आणि कोपऱ्यात खर्ज घुमतो. मी स्पीकर पुढे ओढले, खुर्ची भिंतीपासून सुटी केली, तिच्या मागे जाड रजई टांगली. आई म्हणाली, खोलीला ताप आलाय का. पण टेंगूळ बसलं.

बाबांनी डोळे मिटून त्यांचं नेहमीचं गाणं ऐकलं. "खालचं सुधारलं. वरचं अजून झाकलेलंच आहे."

मी रेघेची उजवी, वरच्या सुरांची बाजू पाहिली. सपाट होती. पहिल्या मापातही सपाटच होती, फक्त टेंगळाच्या नादात माझं तिकडे लक्ष नव्हतं. स्पीकर ठणठणीत होते. मला समजायचं ते समजलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी लॅपटॉपवर वरचे सूर उचलत गेले, माझ्या कानांना झोंबायला लागेपर्यंत. बाबा खुर्चीत ताठ झाले.

"हां. आता आलं. काय झालं होतं?"

"स्पीकरचंच होतं," मी म्हटलं. माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"कान शाबूत आहेत हं माझे," त्यांनी आईला ऐकवलं आणि तिथल्या तिथे बारक्याला फोन लावला. मी माइकची वायर गुंडाळत राहिले. पुढे कधीतरी सांगू, असं मनाला बजावलं, आणि पुढे कधीतरी म्हणजे कधीच नाही हेही मला ठाऊक होतं.

बारक्याकडे एक नवी गायिका होती. तिचा पहिलाच अल्बम. बाबा रोज इस्त्रीचा सदरा घालून जायला लागले. परत आले की भूक लागलेली असायची, आईची थट्टा चालायची. एकदा जेवताना म्हणाले, "बारक्याचे स्पीकर मंद आहेत. वरचं बरंच चढवावं लागलं मला."

घरात त्यांच्या कानांची उणीव माझी लबाडी भरून काढत होती. तिथे माझी लबाडी नव्हती, म्हणून ते ती उणीव त्या मुलीच्या गाण्यात भरत होते. मी त्यांना आणखी भात वाढला.

मग बारक्याचा फोन आला. "ताई, सरांचं काम ऐकवत नाही गं. प्रत्येक 'स' सुईसारखा टोचतो."

"तू बोललास त्यांना?"

"मी? सरांना? मी गुपचूप नव्याने करून घेतो. नाव सरांचंच राहील, त्यांना कळायचंही नाही. पण ती पोरगी हाय खाऊन बसलीय. म्हणते, एवढ्या मोठ्या माणसाने जुळवूनही आवाज चिरका येतो, म्हणजे माझा गळाच तसला. गाणं सोडायचं म्हणतेय."

"तिला सांग ना, तिचा दोष नाही म्हणून."

"मग कुणाचा, ते सांगावं लागेल."

मी फोन ठेवला. बाबांचा मान राखला, अशी मी स्वतःची समजूत घालत आले होते. कसला मान. मला त्यांचा उतरलेला चेहरा बघायचा नव्हता, एवढंच. मी माझी सोय पाहिली आणि निस्तरत होती एक तिसरीच मुलगी, जिला मी ओळखतही नव्हते. मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाबाच म्हणाले, "माइक घे आणि चल. बारक्याची खोली मापू. पोरगा भिडस्त आहे, स्वतःहून बोलवायचा नाही."

"आधी इथे एक माप घेऊ." लॅपटॉपवर उचललेले वरचे सूर मी पुन्हा खाली आणले. माइकचा स्टँड खुर्चीत न ठेवता बाजूलाच राहू दिला. "तुम्ही बसा. सूर संपला की हात वर करा."

"माइकच्या जागी मी?"

"हो."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग बसले. पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. आई या वेळी न सांगताच गप्प झाली.

सूर निघाला, चढला, बारीक होत गेला. बाबांनी हात वर केला.

सूर चालूच होता. दारात आईच्या कपाळावर आठ्या होत्या, तिला ती शिट्टी सोसत नव्हती. बाबांचं लक्ष तिच्याकडे गेलं. ऐकणाऱ्यांचे चेहरे बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

"चालू आहे?"

"हो."

त्यांनी हात तसाच ठेवला. सूर संपल्यावर मी मान हलवली, तेव्हा खाली घेतला.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी." मग मी सगळं सांगितलं. वरचे सूर, बारक्याचा फोन, ती मुलगी.

"कान गेले ते वयाने गेले," बाबा म्हणाले. "ते मी गिळलं असतं. पण तू मला असल्या कानांनी त्या पोरीच्या गाण्याला हात लावू दिलास."

"चुकलं माझं, बाबा."

"चुकलंच." त्यांनी माझी समजूत काढली नाही, आणि ती काढा म्हणायला मला तोंडही नव्हतं. "फोन लाव तिला."

मी बारक्याकडून नंबर घेऊन लावून दिला. बाबा उभे राहून बोलले. "बाळ, तुझा गळा चांगला आहे. चिरका मी केला. माझे कान गेलेत आणि मला पत्ता नव्हता."

पलीकडून ती बोलू लागली. बाबांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला, डोळे बारीक केले, मग तो माझ्यापुढे धरला.

"फार बारीक बोलतेय. मला शब्द लागत नाहीत. तू ऐक आणि मला सांग."

मी फोन धरला, पण त्यांनी सोडला नव्हता.

"आहे तसं सांग," ते म्हणाले.