निळे ठिपके

शेखरनं दोन बोटांनी नकाशा ताणला आणि सुरगाण्याचे एकोणीस निळे ठिपके दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत स्पष्ट दिसले. एक ठिपका म्हणजे अंगणवाडीतलं एक मूल. नाशिकच्या बालविकास कार्यालयातला पडदा अख्ख्या भिंतीएवढा होता. एका तालुक्यातून दुसऱ्यात जायला खुर्ची सोडून चालावं लागे, आणि शेखरला ते चालणं मनापासून आवडे.

गेल्या आठवड्यात त्यानं वजनाचे रंग काढून तालुक्यांचे रंग लावले, तेव्हा ही लबाडी सापडली होती. सेविका भागुबाईंच्या मोबाइलवरून तीन महिने या मुलांची वजनं येत होती, पण गावातून नव्हे, डोंगर ओलांडून पलीकडच्या बागांतून. बाई इकडे कुणा नातेवाइकाकडे बसून आकडे ठोकत असणार, हे त्यानं तिथल्या तिथं ठरवलं. त्यांना कामावरून कमी करण्याचा कागद टेबलावर तयार होता, फक्त सही राहिली होती.

भागुबाई दाराशी चप्पल काढून आत आल्या. एवढी भिंत बघून आधी बिचकल्या, मग त्यानं बोट ठेवलं होतं तिथं जाऊन उभ्या राहिल्या.

“मुलं सुरगाण्याची. मग वजन इथं कसं होतं, बाई?”

“पोरं इथंच हायत, सायेब. आईबाप बागंत कामाला आलेत. मी दर रविवारी जीपनं येते.”

त्यानं जीपचं तिकीट मागितलं. सुरगाण्याच्या जीपला तिकीट असतं, असं त्यालाच वाटत होतं. भागुबाईंनी पिशवीतून वजनकाटा आणि मुलाला बसवायची झोळी काढली आणि टेबलावर ठेवली, नेमकी त्या कागदावर. झोळीला ओली माती लागली होती. माती काय, कुठंही लागते, असं तो मनाशी म्हणाला. पण पेन काही त्यानं उचललं नाही.

भागुबाईंचं लक्ष अजून ठिपक्यांकडंच होतं.

“सायेब, हे सगळे निळे कसे? माझ्या मोबाइलात तर तसे नाय दिसत.”

शेखरनं नाइलाजानं वजनाचे रंग परत लावले. एकोणिसातले सतरा ठिपके लाल, म्हणजे फारच कमी वजनाचे, झाले. तो मागं सरकत खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला, तरी ते दिसतच होते. त्याला लाज वाटली.

“तीन महिने पाठवतेय,” भागुबाई म्हणाल्या. “तुमचा फोन आला तवा वाटलं, ह्याच्यासाठीच बोलावलं. म्हणून काटा घेऊन आले.”