चांगुणाबाईंचं थांबवलेलं रडणं

माझी बायको इंद्रायणी गेली त्या दिवशी मी वाटूरला दुसऱ्याच्या घरी सांत्वन करत होतो. रामेश्वर नावाच्या ओळखीच्या माणसाचे वडील वारले होते. तिसऱ्या दिवसाची प्रार्थना होती आणि आमच्या अंबडच्या ख्रिस्ती मंडळीतून मला पाठवलं होतं. अशा ठिकाणी मीच जातो. वीस वर्षं जातो आहे. माझ्या बायबलमध्ये सांत्वनाच्या वचनांवर कागदाच्या पट्ट्या लावलेल्या आहेत, म्हणजे पानं शोधत बसावं लागत नाही.

फोन बंद करून पिशवीत ठेवला होता. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय वाचत होतो. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा आपण शोक करू नये, तो भाग. रामेश्वरची आई तोंडात पदर धरून बसली होती. वाचता वाचताच मी तिला हाताने खूण केली, रडू नका. तेवढ्यात रामेश्वर त्याचा फोन घेऊन आला आणि माझ्याजवळ खाली बसला.

"भाऊ, तुमच्या प्रांजलीचा फोन हाये. तुमचा लागत न्हाई म्हणून राह्यली."

प्रांजली माझी मुलगी. तिने सांगितलं की आई ओट्यावर ज्वारी निवडत होती, बसल्या जागी कलंडली, डॉक्टर येऊन बघून गेले. मग म्हणाली, "आबा, आई गेली."

रामेश्वरने मला मोटारसायकलवर घरी आणलं. त्याच्या बापाला पुरून तीनच दिवस झाले होते. वाटेत एका ठिकाणी गाडी थांबवून त्याने मला पाणी पाजलं. घरी पोचल्यावर तो भिंतीला टेकून खाली बसला तो दुसऱ्या दिवशी माती होईपर्यंत तिथंच होता. त्याने मला एकही वचन सांगितलं नाही. मला वाटलं, याला येत नसतील.

मी कबरस्तानात रडलो नाही. लोक म्हणाले, कारभारीभाऊंचा विश्वास बघा. नंतर आठ दिवस माणसं येत राहिली आणि प्रत्येकाने एकेक वचन सांगितलं. त्यातली बरीचशी मीच त्यांना शिकवलेली होती. एकही खोटं नव्हतं. पण ती मला लागू पडत नव्हती. माणूस बोलायचा थांबून कधी उठतो याची मी वाट बघायचो.

आठव्या दिवशी प्रांजलीने तिच्या आईची बाजाराची पिशवी माझ्यापुढे आणून ठेवली. आत दोऱ्याची दोन रिळं, शिवताना बोटात घालायचं अंगठीसारखं लोखंडी टोपण आणि निळ्या चौकटीच्या शर्टाची कापलेली बाही होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"चांगुणामावशीचं हाये. आई गोधडी शिवायला जायची तिच्याकडं. दर बाजाराच्या दिवशी."

"कधीपासून?"

"कल्याणदादा वारला तवापासून. तीन वर्षं झाली. तुम्हाला माहीत न्हाई?"

मला माहीत नव्हतं. बाजाराहून उशीर झाला की मी इंद्रायणीला विचारायचो, एवढा वेळ काय लागतो भाजीला. ती म्हणायची, भाव करत होते.

आता कल्याणचं सांगावं लागेल. चांगुणाबाई आमच्याच मंडळीतल्या. नवरा लवकर गेला. कल्याण त्यांचा एकुलता एक मुलगा, बावीस वर्षांचा. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. दारात मांडव घातला होता, शे-दीडशे माणूस होतं, अर्धेअधिक गावातले, आपल्या मंडळीबाहेरचे. चांगुणाबाई शवपेटीला मिठी मारून हेल काढून रडत होत्या. लेकाने लहानपणी काय केलं, त्याला कशाची भाजी आवडायची, काल जाताना काय म्हणाला, सगळं सांगून रडत होत्या. आमच्याकडच्या बाया अशाच रडतात. मला त्याची लाज वाटली. बाहेरचे लोक काय म्हणतील, हे येशूवाले आणि हेही आपल्यासारखेच रडतात, असं माझ्या मनात आलं.

मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हणालो, "बाई, आपण विश्वासणारे आहोत. असं रडणं आपल्यात नाही. गप्प व्हा. जगाला काय साक्ष जाईल?" त्या थांबल्या नाहीत, तेव्हा मी पोरांना गीत सुरू करायला सांगितलं. तबला आणि बाजाची पेटी वाजायला लागली आणि त्यांचा आवाज खाली दबला. मग त्या गप्पच झाल्या. त्या दिवसानंतर त्या चर्चमध्ये आल्या नाहीत. मी दोन वेळा निरोप पाठवला आणि मग सोडून दिलं.

त्या दिवशी घरी येताना इंद्रायणी मला म्हणाली होती, "तुमचा बाप मेंढीला रडू देत होता. तुम्ही माणसाला देईना गेले."

माझ्या वडिलांची मेंढरं होती. एखादीचं कोकरू मेलं की ती मेंढी दोन-तीन दिवस ओरडत राहायची, जिथं कोकरू पडलं त्या जागेला परत परत यायची. वडील तिला हाकलत नव्हते. कळप पुढे न्यायचा असला तरी थांबायचे. मी इंद्रायणीला ते सांगितलेलं होतं आणि विसरलो होतो.

तेव्हा मी इंद्रायणीला थेस्सलनीकाकरांचा तोच चौथा अध्याय दाखवला. ती म्हणाली, "त्याच्यात रडू नका असं कुठं हाये? आशा नसल्यासारखं रडू नका असं हाये. आशा असलेली माय कशी रडती ते तुम्हाला ठाऊक हाये का?" मी म्हणालो, तू मला वचन शिकवू नको. ती म्हणाली, "बरं," आणि पुढे कधी तो विषय काढला नाही. फक्त दर आठवड्याला पिशवी घेऊन जात राहिली.

प्रांजलीने पिशवी दिली त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी ती घेऊन चांगुणाबाईंकडे गेलो. त्या ओट्यावर गोधडी पसरून बसल्या होत्या. माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "पुस्तक न्हाई आणलं आज?"

"नाही."

"मंग बसा."

मी बसलो. त्यांनी सुई आणि दोरा माझ्यापुढे केला. "ओवा. मला दिसत न्हाई. इंद्रायणीबाई ओवून द्यायच्या, सात-आठ सुया एकदाच."

मला दोन सुया ओवायला बराच वेळ लागला. त्या म्हणाल्या, "वाचायला तं लई जल्दी वाचता." मी तिसरी सुई उचलली. गोधडी कल्याणच्या कपड्यांची होती. शर्ट, पँट, शाळेचा गणवेशही होता. तीन वर्षांत ती मोठी चादर झाली होती. मी विचारलं, एवढा वेळ का लागला. त्या म्हणाल्या, "शिवायचं कमी अन् बसायचं जास्ती. तुमची बायको बोलायची न्हाई फारसं. एकदा म्या म्हणलं, बाई, तुमी काही वचन बिचन सांगत न्हाई. तं म्हणल्या, ईयोबाची लेकरं मेली तवा त्याचे दोस्त सात दिवस जमिनीवर गप बसले तवर बराबर होते. तोंड उघडलं अन् बिघडलं."

त्या हसल्या. मलाही हसू आलं, इंद्रायणी गेल्यानंतर पहिल्यांदा. मग त्यांनी ती निळ्या चौकटीची बाही पिशवीतून काढून मांडीवर घेतली आणि त्यांचा चेहरा बदलला. हेल काढून रडायला लागल्या. "माझ्या इंद्रायणीबाई, बाही कापून आणते म्हणल्या, अन् बाही आली, तुमी कुठं राह्यल्या. माझ्या लेकाच्या कपड्याला हात लावायला आता कोण हाये." शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली. मी तिला जा म्हटलं नाही. इंद्रायणीचं नाव असं मोठ्याने घेऊन तोपर्यंत कोणी रडलं नव्हतं, कारण आमच्या मंडळीत रडू नये हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. मग मलाही आवरलं नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. चांगुणाबाईंनी मला गप्प व्हा म्हटलं नाही. पाण्याचा तांब्या माझ्याजवळ सरकवला आणि आपलं रडत राहिल्या.

घरी येऊन मी रोमकरांच्या पत्राचा बारावा अध्याय काढला. तिथं माझी पट्टी नव्हती. शोक करणाऱ्यांना समजवा असं पौलाने लिहिलेलं नाही. त्यांच्याबरोबर शोक करा असं लिहिलं आहे. लाजराच्या कबरेकडे जाताना तर येशू स्वतः रडला, आणि त्याला माहीत होतं की घटकाभरात लाजर उठून बाहेर येणार आहे. हे मी कितीतरी वेळा वाचलं होतं. कोणाच्या घरी सांत्वनाला जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की आधी खाली बसा. जेवण झालं नसेल तर भाकरी घेऊन जा. घरातली बाई रडत असेल तर रडू द्या, आणि बाहेरच्यांची लाज तुमच्या मनात आली तर ती तुमची आहे, तिच्या माथी मारू नका. वचन पळून जात नाही. घरातले विचारतील तेव्हा सांगा.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी चांगुणाबाईंना म्हणालो, "माझं चुकलं. कल्याणच्या वेळी मी तुम्हाला गप्प केलं ते चुकलं. मला माफ करा."

त्यांनी टाका पुरा केला आणि दोरा दाताने तोडला.

"गप केलं ते मांडवात, शे-दीडशे माणसांत," त्या म्हणाल्या. "अन् माफी माझ्या वट्यावर? इथं तं कुत्रंबी ऐकायला न्हाई, कारभारीभाऊ."

"मग काय करू?"

"तुमाला ठाऊक हाये. अन् तुमच्यावर राग न्हाई माझा, असता तं सुया ओवायला लावल्या नसत्या. पण ज्या मंडळीनं मला लेकासाठी रडू दिलं न्हाई, तिच्यात म्या कशी येऊन बसू? कुणीतरी तिथं म्हणावं लागंल, बाई रडली ते बराबर होतं."

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला काही सांगायचं आहे का. मी उभा राहिलो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्यांना मी शिकवलं तेच सगळे होते. मी म्हणालो, इंद्रायणीच्या वेळी तुम्ही सगळे आलात, तुमचे आभार. आणि खाली बसलो. पाळकसाहेब म्हणाले, आमेन.

मधल्या आठवड्यात मी वाटूरला जाऊन रामेश्वरच्या आईजवळ तासभर बसून आलो. पुस्तक नेलं नव्हतं. तिने मला नवऱ्याचं सगळं आयुष्य सांगितलं, आणि रडली, आणि मी ऐकलं. येताना रामेश्वर म्हणाला, "भाऊ, तुमी आज एकदम येगळे दिसून राह्यले." ते मला जमलं.

बाजाराच्या दिवशी चांगुणाबाई विचारतात, "बोलले का?"

मी म्हणतो, "नाही."

"बरं. ओवा."

आता मी एका बैठकीत पाच सुया ओवतो. गोधडीच्या तीन बाजू झाल्या आहेत. त्या रविवारनंतर आणखी तीन रविवार गेले. चौथ्या ओळीत बायकांच्या बाजूला त्यांची जागा अजून रिकामी आहे, आणि मंडळीपुढे उभा राहून चांगुणाबाईंचं रडणं बरोबर होतं हे मी अजून म्हटलेलं नाही.