‘सोडणे’ लिहिलेली पेटी

“असे शब्द कोणी उगाच बोलत नाही. या पेटीवर जरा लक्ष ठेवा,” असं पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं गेलं होतं. कोशासाठी शब्द गोळा करणारी ताई हसली. आणि खरं सांगायचं तर मीही ते मनावर घेतलं नाही. नवीन पॉलिशचा तोरा होता अंगात.

मित्रांनो, मी एक लाकडी पेटी आहे. आता वय झालं, बिजागरी कुरकुरते. एका मोडक्या टेबलाच्या फळ्यांतून सुतारानं मला घडवलं. कोपरे काचकागदानं घासून घासून गोल केले आणि म्हणाला, “कुणाला लागायला नको.” मग माझी रवानगी शब्दकोशाच्या कार्यालयात झाली. दोन खोल्या, एक पंखा आणि माझ्यासारख्या साठ पेट्या. प्रत्येक पेटीत एका विषयाचे शब्द. कुणात भांडीकुंडी, कुणात आजार, कुणात रागलोभ. माझ्या कपाळावर चिठ्ठी लागली: ‘सोडणे – श्रद्धा, धर्म, मत.’

शेजारची भांड्यांची पेटी मला चिडवायची. “तुझ्यात काय भरणार गं? चार शब्द नि वरून वारा.”

मलाही तसंच वाटायचं. पण ताई हुशार. ती या विषयांची मुख्य लिहिणारी. बाजारात, दवाखान्यात, बसथांब्यावर, जिथे जाईल तिथे तिचे कान उघडे. पुस्तकातून उचललेला शब्द तिला चालत नसे, कोणीतरी तोंडानं बोललेलाच हवा. म्हणून प्रत्येक कार्डावर शब्द, अर्थ आणि खाली ‘कोण म्हणालं’ नि तारीख. मग कार्ड अ-आ-इ-ईच्या क्रमानं माझ्या पोटात.

काय काय आलं म्हणून सांगू. ‘रामराम ठोकणे.’ सोडून जातानाही देवाचंच नाव, याची मला गंमत वाटायची. ‘पाणी सोडणे.’ ‘पाठ फिरवणे.’ ‘काडीमोड घेणे’, हा तर लग्नातून उसना आणलेला. माझ्या लक्षात आलं की माणसांकडे विश्वास सोडण्यासाठी खास असे शब्द फार थोडे आहेत, ती घरातून नि संसारातून मागून आणतात. आणखी एक दिसलं. ‘बाटला’, ‘फिरला’, ‘फितूर’, हे खणखणीत शब्द सगळे मागे राहिलेल्यांचे. जो सोडून जातो त्याचे शब्द अगदी हळू असतात. ‘मन उडालं.’ ‘गोडी गेली.’ असं का, हे मला कुणाला विचारता येईना. पेटीला तोंड असतं, पण ते फक्त झाकणापुरतं.

हे हळू शब्द आणायचे ताईचे बाबा. ते वस्तीतल्या प्रार्थनाघरात चाळीस वर्षं प्रार्थना सांगत होते. शंभर माणसं त्यांच्या आवाजावर डोळे मिटायची. दुपारी ते लेकीचा नि स्वतःचा डबा घेऊन यायचे, खुर्चीत टेकायचे नि म्हणायचे, “लिहून घे, आज एक सापडला.”

“बोला बाबा,” ताई पेन उघडायची.

“सवयीनं हात जोडणे.”

“वा, काय सुरेख. अजून?”

“उद्या देतो. सगळे एकदम दिले तर तू मला विचारणार नाहीस.”

दोघं हसायची. ताई कार्ड लिहायची, बाबा आपला डबा न उघडताच निघायचे.

मी टेबलाखालच्या फळीवर असायची. तिथून मला माणसांचे चेहरे कमी आणि कमरेचे पट्टे जास्त दिसत. बाबांच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं एक नवं भोक आलं. महिन्याभरानं दुसरं आलं. मला काळजी वाटू लागली, पण ताईची नजर कार्डावर होती. मग एका सोमवारपासून बाबा यायचेच थांबले. ताईचा डबा त्यांच्या शेजारचे काका आणू लागले. ताई म्हणाली, “गुडघा धरला असेल.”

कार्यालयात एक प्रूफवाचक होते. स्वल्पविरामावरही शंका काढायचे, म्हणून सगळे त्यांना शंकासुर म्हणत. पहिल्या दिवशीचं ते बजावणंही त्यांचंच. त्या आठवड्यात माझी कार्डं तपासायची पाळी त्यांच्यावर आली. शब्द खरंच तोंडी आलेत ना, हे बघायला ते एकेका माणसाची कार्डं वेगळी काढत आणि तारखेनं लावत. बाबांची नऊ कार्डं त्यांनी टेबलावर ओळीनं मांडली. मग एकही खूण न करता त्यांनी पेनाला टोपण लावलं. ही गोष्ट त्यांच्या बाबतीत नवीनच.

“ताई, इकडे या.”

“काय, वेलांटी चुकली?”

“वेलांटी नाही हो. ही नऊ कार्डं तारखेनं वाचा. मोठ्यानं नको, मनात वाचा.”

ताईनं वाचलं. ‘गोडी गेली. मन लागत नाही. श्रद्धा आटली. सवयीनं हात जोडणे. ओठ म्हणतात, आत कोणी नाही...’ शेवटच्या कार्डावर होतं, ‘कुणापाशी बोलायची सोय न उरणे.’ त्याखाली तिच्याच सुबक अक्षरात अर्थ लिहिला होता आणि समोर खूण केली होती: ‘उत्तम’.

“अक्षरानुसार लावली की शब्द दिसतात,” शंकासुर म्हणाले. “तारखेनं लावली की माणूस दिसतो. तुम्ही पत्र फाडून त्याची कार्डं केलीत.”

ताई पर्स तिथेच टाकून बाबांकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर आली. बाबा खुर्चीत बसले. आज ताईच्या हातात पेन नव्हतं.

“बाबा, काय झालं होतं?”

“काहीच नाही झालं. एका सकाळी प्रार्थनेची पुढची ओळ आठवेना. आणि तिची उणीवही वाटेना. त्याचीच भीती वाटली गं. एवढी माणसं माझ्याकडे बघतात. त्यांना काय तोंड दाखवू? घास उतरेना.”

“मला सांगायचं ना.”

“सांगत होतो की. तू लिहून घेत होतीस.”

ताईनं त्यांचा डबा उघडला आणि समोर ठेवला. ते जेवेपर्यंत ती उठली नाही.

पुढं बाबांनी प्रार्थनाघरात उभं राहून हे स्वतःच सांगितलं आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली. काहींनी बोलणं टाकलं. काही जण अजून संध्याकाळी त्यांच्याशी पत्ते खेळायला येतात. त्यांनी जे केलं त्याला नेमका कोणता शब्द, हे ताईला अखेरपर्यंत ठरवता आलं नाही. ते एक कार्ड तिनं कोरंच ठेवलं.

आता कोश संगणकात गेला आणि मी अडगळीत आले. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातही असं कोणी असेल. आजोबा, आत्या, मोठा दादा. हल्ली जेवताना नुसतं ‘हं’ म्हणणारं, किंवा हसत हसत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारं. त्यांचं बोलणं छान आहे म्हणून पुढे जाऊ नका. हे पान मिटा आणि त्यांच्या खोलीत डोकावून या. काय विचारावं ते सुचलं नाही, तर नुसतं शेजारी बसा. पण आत्ताच जा.