एक डोकं कमी

"एक डोकं कमी पडतंय, आई," दारातूनच इस्माएल म्हणाला.

युफेमिया दिवसभर मोटेलच्या खोल्या आवरून आली होती आणि गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. "कशाला कमी?"

"ड्रॉइंगच्या वर्गाला. शुक्रवारपर्यंत पोरं भरली नाहीत तर वर्गच रद्द. आणि तो विषय सुटल्याशिवाय युनिव्हर्सिटी मला घेणार नाही."

दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज इस्माएलला पाच वर्षं पुरलं होतं. दिवसा टायरचं दुकान, संध्याकाळी वर्ग. आता कुठे इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता, तोही एवढा एक विषय उन्हाळ्याआधी पास होण्याच्या अटीवर.

"दुकानातल्या बेनीला विचारलंस?"

"तो म्हणतो, त्यापेक्षा मी दात उपटून घेईन."

"मग माझं नाव घाल."

"आई! सहावीत शाळा सोडलीस तू."

"त्यांना डोकं मोजायचंय ना? आत काय आहे ते थोडंच बघणारेत!"

वर्ग वाचला. संध्याकाळी मोटेलच्या गणवेशातच युफेमिया लेकाशेजारच्या खुर्चीवर येऊन बसायची. नाकामुरा बाई हजेरी घ्यायच्या आणि मग ठोकळ्याची चित्रं काढायला लावायच्या, समोरून, वरून, बाजूने. युफेमियाचा ठोकळा तिन्हीकडून उशीसारखा दिसे. पोरं हसत, तीही हसे, आणि घरी पोचेपर्यंत कंबर धरलेली असे.

तिसऱ्या आठवड्यात कॉलेजने एकदाची डोकी मोजली. त्या रात्री गाडीत इस्माएल म्हणाला, "सुटलीस. आता नाव काढून टाकलंस तरी वर्गाला काही होत नाही."

"अर्धी चादर घालून खोली सोडलीय का मी कधी?"

"अगं, पण दमतेस किती!"

"घरी काय कमी दमते? इथे निदान बसायला मिळतं."

खरं कारण तिने सांगितलं नाही. लेक ऑगस्टमध्ये जाणार होता. इतक्या वर्षांत तो घरी यायच्या आत ती झोपलेली असे आणि ती उठायच्या आत तो गेलेला असे. त्याच्या शेजारी रोज दोन तास बसणं तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं आणि ते तिला सोडवत नव्हतं.

इस्माएल पास झाला. ती नापास झाली आणि घरी येऊन तिने बीन्स शिजत घातले.

ऑगस्टमध्ये तो गेला. घर खायला उठलं. रविवारी फोन यायचा, पण त्याच्या आवाजातच इतका थकवा असायचा, की "जेवलास का, झोप आता" म्हणून तीच ठेवून द्यायची.

जानेवारीत एक मुलगी दारात आली. बदामाच्या कारखान्यातली टोपी अजून डोक्यावरच होती. "इस्माएलची आई ना तुम्ही? मावशी, कसं सांगू... ड्रॉइंगच्या वर्गाला एक कमी पडतंय. माझं पुढचं सगळं त्याच्यावर अडलंय."

युफेमियाने पाण्यातून पाय काढले, पुसले आणि बूट शोधायला लागली.

वर्गात ती जुन्याच जागी बसली. शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर तिने पिशवी ठेवली. नाकामुरा बाई चष्मा लावून यादी वाचू लागल्या. तिच्या नावापर्यंत येईतो युफेमियाची मान पुढे कलंडली होती. ते पाहून बाईंनी अगदी हळू आवाजात नाव घेतलं.

"हजर," डोळे न उघडताच युफेमिया म्हणाली.