हंगामी महापौर

"नाव कुठाय?" फोटोवाल्याच्या लेकीने पुन्हा विचारलं.

"आहे की, ताई. प्रत्येकाच्या खाली आहे." प्रदर्शनाच्या अधिकाऱ्यांनी भिंतीवरच्या जुन्या महापौरांच्या फोटोंवरून हात फिरवला.

"ज्यांचे काढले त्यांचं आहे. ज्यांनी काढले त्यांचं विचारतेय मी. माझ्या वडलांचं."

अधिकाऱ्यांचा एक डोळा दाराकडे होता. महापौरबाई उद्घाटनाला इतक्यात येणारच होत्या. "असं बघा, पगार पालिकेचा, म्हणून फोटो पालिकेचा. उद्या सुतार म्हणेल, खुर्चीवर माझं नाव घाला."

"घाला मग. कुणी अडवलंय?"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. बाबांचा उभा जन्म या लोकांची तोंडं उजळ करण्यात गेला होता. पुलाची कोनशिला, पाण्याची टाकी, फिती आणि भाषणं. व्यासपीठावर पेंगणाऱ्या नगरसेवकाला बाबा आधी खोकून जागं करत, मगच बटण दाबत. फिल्म धुण्याच्या औषधाने त्यांची नखं तपकिरी झाली ती कायमची. गेल्या महिन्यात ते गेले, तेव्हा पालिकेतलं चिटपाखरूही दारात फिरकलं नव्हतं.

ती तरातरा शेवटच्या भिंतीपर्यंत गेली आणि जागीच थबकली.

अंगात महापौरांचा झगा, गळ्यात सोन्याची साखळी, मानाच्या खुर्चीत ताठ बसलेले बाबा. खाली पाटी होती: 'हंगामी महापौर. नाव उपलब्ध नाही.'

फोटोत साखळी भगभगायची आणि तिच्यापुढे महापौरसाहेबांचा चेहरा काळवंडायचा. म्हणून साहेब यायच्या आधी बाबा स्वतःच तो थाट अंगावर चढवून उजेड तपासत. बटण दाबायला शाळेतून आलेली लेक. "श्वास रोखून धर. आणि हसू नकोस गं, महापौर आहे मी!" ते फोटो नंतर फेकून दिले जात. हा एक राहून गेला होता.

"यांना ओळखता का हो?" अधिकारी मागोमाग आले होते. "काही केल्या पत्ता लागेना. पण रुबाब बघा! आणि साधे किती, पायात रबरी चपला."

ती तोंड उघडणार तोच बाई आल्या. एकेका फोटोपुढे फूल ठेवत, मान लववत त्या शेवटच्या भिंतीशी पोचल्या. बाबांपुढेही वाकल्या.

"मॅडम, एकदा परत," पालिकेची फोटोग्राफर म्हणाली. "डोळे मिटले होते."

बाई रबरी चपलांपुढे पुन्हा वाकल्या.

"हे महापौर नव्हते," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुमचे हे सगळे फोटो यांनी काढलेत. तीस वर्षं. इथे एकाखालीही यांचं नाव नाही."

बाईंनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांनी जमिनीकडे.

तिने हात वर करून फोटो खिळ्यावरून उतरवला.

"ताई, असं नेता येणार नाही. फोटो पालिकेचा आहे..."

"पगार पालिकेचा म्हणून फोटो पालिकेचा, असंच म्हणालात ना? हा मी काढलाय. मला पगार नव्हता."

कुणी आडवं आलं नाही. चौकट छातीशी धरून ती दालनाबाहेर पडली.

मागे दोन महापौरांच्या मधोमध नुसता खिळा उरला. खाली फूल होतं, आणि पाटी तशीच होती: 'नाव उपलब्ध नाही.'